पान दोनशे एकोणनव्वद

शुक्रवारचा भाग संपला की सगळे माझ्याकडेच येतात,
मारुती चौकात, बाईंडिंगच्या दुकानात.
इथं खळ शिजत असते, दाबयंत्राला टेकून बसता येतं,
आणि मी कुणाचीच बाजू घेत नाही.

भरतेश चौगुले चप्पल काढायच्या आधीच सुरू:
"नावाडी बोलला! ऐकलंस का ताई, बोलला!
पाच खंड, अठराशे पानं, मुका हाय त्यो,
आन् ह्यांनी पहिल्याच भागात त्याला घसा दिला."

दस्तगीर मिरजेहून येतो, बोटांना लाखेचा वास.
"पुस्तकात त्याचं गप्प बसणंसुद्धा छापलेलं असतंय.
पडद्यावर गप्प माणूस म्हंजे
आवाज गेला वाटून लोक रिमोट शोधणार."

ज्योत्स्ना आरवाडेचं दुखणं वेगळं.
राणीला सावली नाही, हे पुस्तकात एका ओळीत उरकलंय,
मालिकेत सगळा खर्च त्यावरच,
आणि तरी परवा घाटाच्या प्रसंगात सावली दिसली.
तिनं थांबवून थांबवून पाहिली.
"डावीकडं. पायापाशी. एवढीशी."

भडंगाचा कागद हातोहात फिरतो.
शेंगदाणे कोण उचलतं, यावरून
इथं कधीच भांडण होत नाही.

आज भांडण नाण्याचं.
राणी नदी उतरते, नावाड्याला नाणं देते,
तो ते कनवटीला लावतो
आणि वल्हं मारत निघून जातो, मागं न बघता.
भरतेश उभाच राहिला.
"परत करतोय त्यो! तिच्या तळव्यावर ठेवून
मूठ मिटतोय तिची!
दोन हंगाम हळदीची पोती मोजून खंड घेतलेत मी,
मला शिकवू नका.
चौथा खंड, पान दोनशे एकोणनव्वद. आणू?"

"आण की," दस्तगीर म्हणाला.

तो खणभागात जाऊन येईपर्यंत खळीवर साय धरली.

एकोणीसच्या पुरात चौथा खंड तीन दिवस पाण्यात होता.
पिशवीतून आणला त्यानं, पावासारखा फुगलेला.
पानं सोडवली, दोरीवर वाळवली,
चौतीस गेली ती गेलीच.
त्यांच्या जागी मी कोरी शिवली, जाडी भरायला,
नाहीतर कणा तिरका बसतो.
"ह्यात काय होतं?" त्यानं विचारलं.
वाचनालयातला खंड मी वाचला होता,
तोही त्याच पाण्यात गेलेला.
सुई ओवता ओवता सांगत गेले, आठवेल तसं,
आणि नाण्यापाशी आले.
कनवटीला लावलं, एवढंच होतं खरं तर.
पण पोरगं घरातला चिखल उपसून आलं होतं,
नखांत अजून नदी.
मी नाणं परत करायला लावलं.

आता तो दिव्याखाली खंड उघडून उभा.
दोनशे सत्तावन्न, कोरं. साठ, कोरं.
कोऱ्या पानांना आकडे नव्हते,
तो बोटानं मोजत गेला, ओठ हलवत, आणि थांबला.
"हितंच होतं," म्हणाला.
कुणी हसलं नाही. दस्तगीरनं
छताच्या पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

ज्योत्स्नानं पान चाचपलं, खरंच कोरं आहे का म्हणून,
आणि तिच्या भडंगाच्या बोटाचं तेल कागदात उतरलं.
तेवढ्या ठिपक्यातून पलीकडचं,
दोनशे एक्क्याण्णव, दिसायला लागलं.
एकच अक्षर: ना.

"नाण्याचा ना," भरतेश म्हणाला.
"नाहीचा," ज्योत्स्ना म्हणाली.
दस्तगीर म्हणाला, "पान उलटा की."

भरतेशनं हात पानावर तसाच ठेवला.
मी खळ ढवळायला घेतली. गुठळ्या झाल्या होत्या.